वाल निवडण्याइतका उजेड

दोन्ही दिवे मोटरसायकलच्या क्रॅशगार्डला बसले होते. राहिली होती ती स्विचची जोडणी तेवढी. हिरामण उकिडवा बसून हँडलखालची तार बोटांनी चाचपत होता. काळोख पडायच्या आत गाडी तयार व्हायलाच हवी होती. महाडहून निघालेली एसटी त्याच्या लेकीला, मालूला, कोलाडच्या नाक्यावर उतरवणार होती. मालूच्या कुशीत दोन महिन्यांचं पोर. सासरी जन्मलेलं, आजोबानं अजून न पाहिलेलं.

"अवो, रिक्षा सांगूया," पायरीवर बसलेली त्याची बायको रंभा परत म्हणाली.

"दारात गाडी असताना लेकीला रिक्षातनं आणू? लोक तोंडात शेण घालतील गो!"

मंगळवारी त्याच्या मागं रंभाच बसली होती. धाटावच्या पुढं, दिवेलागणीला, रस्ता डावीकडं वळला आणि गाडी गेली सरळ. कालव्याच्या काठाला चाक चिखलात रुतलं म्हणून दोघं वाचली. हेडलाइटच मेलाय, असं हिरामण तेव्हा म्हणाला. खरं तर बल्ब त्यानं आधीच बदलला होता. काचही घासली होती, बॅटरी नवी टाकली होती. आता हे जास्तीचे दिवे. कंपनीत मेंटेनन्सला असलेला गडी, तो कशाला जातोय मेकॅनिककडं? बॅटरीकडून फ्यूज, फ्यूजकडून रिले, रिलेकडून दिवे, सगळी तार टाकीखालून त्यानंच ओढली होती. कामात बोट ठेवायला जागा नव्हती. तरी, एवढं करूनही दिसलं नाही तर? हा विचार आला की तो स्क्रू ड्रायव्हर आणखी जोरात फिरवायचा.

तेवढ्यात हातातला स्क्रू निसटला. फरशीवर टणकन वाजला. हिरामणनं हात फिरवला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, चाकाखाली चाचपलं.

"पायाशी तर हाय," रंभा म्हणाली. "अंगठ्याजवळ."

"काळोख किती झालाय बघ की!"

रंभानं रस्त्यापलीकडच्या अंगणाकडं पाहिलं.

"इंदुबाई वाल निवडतेय," ती म्हणाली.

हिरामणचा हात जागच्या जागी थांबला. समोर सूप खळखळत होतं, ते त्याला आता ऐकू आलं. मूठभर वाल पसरायचे, खडा वेचून टाकायचा, परत मूठभर पसरायचे. काळोखात कोण वाल निवडतं? त्यानं मान वर केली. समोर नुसती राख कालवल्यासारखं होतं आणि त्यात इंदुबाई कुठंच नव्हती.

"तिला सवय हाय," तो पुटपुटला. स्क्रू चाचपून उचलला, बसवला आणि स्विच दाबला.

कुंपणाची भिंत पांढरीफटक झाली.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" तो मोठ्यानं स्वतःलाच म्हणाला. रंभाला ऐकू जावं म्हणून जरा जास्तच मोठ्यानं. पण भिंतीवरचा पांढरा तुकडा संपला की पुढं काहीच नव्हतं. डावीकडं फाटक असायला हवं होतं, उजवीकडं न्हाणीघर. तिथं नुसती काजळी.

तो सीटवर बसला, किक मारली. "निघतो मी. तू भात टाक."

त्यानं अंदाजानंच हँडल फाटकाकडं वळवलं, क्लच सोडला. गाडी हातभर पुढं सरकली आणि कुणीतरी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. रंभा. चाकाला अगदी खेटून उभी. ती पायरीवरून कधी उठली, हे त्याला कळलंच नव्हतं.

"अगो, मेली असतीस!"

"मघापासनं हितंच उभी हाय. तुमच्याकडंच बघतेय."

इंजिन धडधडत होतं.

"मंगळवारी मागं मी व्हते," रंभा म्हणाली. "आज बाळ असंल."

त्यानं चावी फिरवली. गाडी बंद झाली, दिवेही गेले. पलीकडं सूप अजून वाजत होतं.

"गुणाजीला सकाळीच सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "येतोय रिक्षा घेऊन. मी जाते मालूला आणायला."

"सकाळीच? मग दिवसभर मला कशाला राबू दिलंस गो?"

"हेडलाइट मेलाय म्हणत व्हता ना? म्हटलं, लागू देत एकदाचे चांगले दिवे. मग तुमचं तुमालाच कळंल."

त्याला रागवायचं होतं. राग काही येईना. भीती मात्र आली, आणि ती लपवायची ताकद आता त्याच्यात उरली नव्हती.

"घरात ट्यूब लावली तरी माणसाचं तोंड धुरकट दिसतंय मला," तो म्हणाला. "कुणाला बोललो नाय."

"उद्या रोह्याला जाऊ. डोळे दाखवू."

रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. रंभा पदर खोचून निघाली. ती फाटकाशी पोचली असेल अशा अंदाजानं हिरामणनं हाक मारली.

"रंभे! पोराचं तोंड दिसंल का गो मला?"

ती परत आली. त्याचा ग्रीसनं काळा झालेला हात धरून तिनं त्याला पायरीवर बसवलं.

"आज नुसतं मांडीवर घ्या," ती म्हणाली. "तोंड सकाळी बघा."