मुंडासं

बेचाळीसच्या चळवळीत फरारी झालेल्या आमच्या पैलवान मालकांना, माझ्या कुकवाच्या धन्यास्नी, पोलीस धिप्पाड अंगावरनंच वळखायचं. म्हनून अंग उतरवायचं ठरलं. आधी त्यांनी नुसता डोंगर पळून बघितला. भूक वाढली, भाकऱ्या वाढल्या, वजन तसंच. मग मीच दूध, तूप, बदाम तोडलं. अर्धी भाकरी, ताक आन् डोंगर. शिमग्यापातूर बंडी अंगावर लोंबाय लागली. आज साताऱ्याचा फौजदार दारात आला तवा मालक मुंडासं गुंडाळून गोठ्यात शेण काढत हुतं. "त्यो कोन?" "गडी हाय, सायेब." मी जन्मात पयल्यांदा मालकांवर वरडले, "हात चालव रं!" फौजदारानं त्यांच्या बरगड्या बघितल्या आन् माघारी वळला.  पर त्यो दारातच थांबला. "मीबी तालमीतलाच. गड्या, मुंडासं सोड."  मांस उतरलं हुतं, पर मुंडाशाखाली कुस्तीत मोडलेलं कान तसंच हुतं.