शुभवार्ता

फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आजीला हाताला धरून फिरवताना डेल्फिना एकच वाक्य मनात घोळवत होती. तोंडातून मात्र ते निघत नव्हतं. कुमारी मारियाला देवदूत बाळाची वार्ता सांगतो, त्या चित्रापाशी तिनं धीर केला. "आजी, मला तुला..."

"थांब गं, आधी देवदूताला बोलू दे." आजी चष्मा सरसावून कितीतरी वेळ बघत राहिली. "पोर बघ कशी घाबरलीय. लग्नाआधीच की!"

डेल्फिनानं हळूच विचारलं, "तिच्या घरचे काय म्हणाले असतील गं?"

"आईबाप चिडले असतील चार दिवस. आजीनं मुकाट्यानं विणायला लोकर आणली असेल." आजीनं तिचा हात थोपटला. "मी पिवळी आणलीय. मुलगा असो की मुलगी, चालते."