ओळीखालची पट्टी

टुंग! शांत घरात फोन वाजला. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बाई फोनसमोर बसलेल्या लेकीला मान न वळवताच म्हणाल्या, “व्हिडिओ संपला वाटतं. निळं बटण दाब गं, पिल्लू.” शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण आजच संपवायचं होतं, आणि त्यातल्या परीक्षेची उत्तरं शाळेच्या ग्रुपवर केव्हाच आली होती. बाईंनी ती पटापट भरली, प्रमाणपत्र झळकलं. “सुटले बाई एकदाची!” “आई, मी सगळं पाहिलं,” लेक म्हणाली. “त्यातल्या मुलीलाही माझ्यासारख्याच ओळी हलताना दिसतात. तिच्या बाई ओरडत नाहीत. ओळीखाली पट्टी धरतात, मग तिला वाचता येतं.” आईच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. कालच लेक वाचताना अडखळली, तेव्हा ‘शिक्षिकेची मुलगी आणि इतकी ढ!’ म्हणत आईनेच पट्टी टेबलावर आपटली होती. तिला मान वर करवेना. “आई, तुला हे कुणी शिकवलंच नव्हतं का गं?”