काकांच्या वाट्याचं ऊन

"तुझं ते जंगल बंद कर पोरी, आणि माझ्या तोंडावर उजेड दे," काका रंगमंचावरून ओरडले.

दिवेवालीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत, दिव्यांच्या बटणांपुढे ती बसली होती. संध्याकाळी पहिला प्रयोग आणि दुपारी ही रड. काका म्हणजे नाटकाचे नायक. सख्खे कुणाचेच नव्हते, पण सगळी मंडळी त्यांना काकाच म्हणायची आणि सख्ख्या काकांपेक्षा जास्त भ्यायची. उजेड कुठे पडलाय हे त्यांना डोळे मिटूनही कळायचं. गालाला ऊब लागली की तिथे थांबायचं, छाती पुढे काढायची आणि वाक्य फेकायचं. उभा जन्म असाच गेलेला.

नाटकाचा शेवटचा प्रवेश जंगलातला. वाट चुकलेला म्हातारा न्यायाधीश भर दुपारी रानात भटकतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कबूल करतो, "दमलो मी." रंगमंच मोकळा. झाड नाही, झुडूप नाही, रंगवलेला पडदासुद्धा नाही. दिग्दर्शकाची हौस, दुसरं काय. जंगल दिव्यांनीच उभं करायचं होतं.

आणि तिने ते केलं होतं. आधी सगळे करतात तीच चूक तिनेही केली. पत्र्यांना पानांच्या आकाराची भोकं पाडली आणि ते पत्रे दिव्यांपुढे लावले. जमिनीवर पानांची नक्षी उमटली, पलंगपोसावर असते तशी. कपडेपट सांभाळणारी मावशी म्हणाली, "छान आहे गं. इस्त्री करून देऊ का?" दिवेवाली तडक उठली, शहराबाहेरच्या रानात गेली आणि दिवसभर तिथे पाठीवर पडून राहिली. वर पानं दातेरी, फटी वेड्यावाकड्या, पण खाली उतरणारं ऊन मात्र गोल गोल. एकावर एक सांडलेलं, कडांना मऊ. वारा आला की सगळं एकदम हलायचं, तिच्या हातावरून, पोटावरून पळायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. मध्येच एखादी तिरीप सरळ खाली यायची, तिच्यात कोळ्याचा एक धागा पेटायचा नि विझायचा. तिला रडू आलं. इतकं सुंदर काहीतरी रोज फुकट सांडतंय आणि आपण पत्रे कापत बसलोय. परत येऊन तिने जुने पत्रे भंगारात टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आता तेच ऊन काळ्या रंगमंचावर सांडत होतं, हलत होतं. काका त्यात पाय आपटत होते.

"हे पळतंय. मी पकडू कसं?"

"पकडायचं नाही काका, त्यातून चालायचं."

"लोक माझा चेहरा बघायला येतात. ठिपके बघायला नाही."

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. काकांना दुखवायची त्याची छाती नव्हती. "काका आत आले की समोरचा मोठा दिवा पूर्ण चढव," त्याने तिला बजावलं. "नाही चढवलास तर उद्यापासून या खुर्चीत दुसरं कुणीतरी असेल." समोरचा मोठा दिवा म्हणजे तिच्या जंगलावर चुन्याची बादली. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

संध्याकाळी प्रेक्षागृह खचाखच भरलं. शेवटच्या प्रवेशाला अंधारातून ऊन उतरलं आणि मागच्या रांगांतून कुणीतरी हळूच "आहाहा" म्हणालं. जाड कोट घातलेले काका आत आले. दिग्दर्शक तिच्या खांद्याशी वाकला.

"चढव."

तिचा हात हलेना.

"चढव म्हणतो ना." त्याने स्वतःच हात पुढे केला. तिने त्याचं मनगट धरलं.

"उद्या मला काढून टाका सर. आज हात लावू नका."

खाली काका उबेसाठी थांबले. एक कवडसा गालावर आला आणि घसरला. ते पाऊलभर सरकले. दुसरा आला, तोही घसरला. त्यांनी काचेच्या खोलीकडे रोखून पाहिलं. मग तिसरा कवडसा, मग चौथा. कोटात त्यांना घाम फुटला. वाक्याची वेळ टळून गेली. पडद्याआडून कुणीतरी शब्द पुरवले, त्यांनी ते ऐकलेच नाहीत. त्यांनी मान वर केली. ऊन त्यांच्या डोळ्यांवरून, ओठांवरून पळत गेलं, परत आलं. ते बघतच राहिले.

मग त्यांनी डोळे बारीक केले, कपाळावर हात धरला, रंगमंचावरची सगळ्यात अंधारी जागा शोधली, पाय ओढत तिथवर गेले आणि मटकन खाली बसले.

"दमलो मी," ते म्हणाले. वाक्य फेकलं नाही, स्वतःशीच पुटपुटले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तिच्या खोलीची काच थरथरली. दिग्दर्शकाचं मनगट अजून तिच्याच हातात होतं. सोडवून घ्यायचं तो विसरला होता आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता.

पडदा पडल्यावर काका रंगलेल्या चेहऱ्यानेच, धापा टाकत जिना चढून वर आले. दिग्दर्शक मध्ये पडला. "काका, मी हिला सांगितलं होतं, पण..." काकांनी त्याला बाजूला सारलं. ती उठून उभी राहिली. जे व्हायचं ते होऊ दे, तिने मनाशी म्हटलं. जंगल तर झालं.

"उद्या ऊन जरा कमी कर, पोरी," घाम पुसत काका म्हणाले. "आणि मी बसलो होतो ना, त्या मोठ्या झाडाची सावली आणखी थोडी वाढव."