शंभर डिग्री

गुरुप्रसादनं घरी स्वतःच्या हातानं नवा कॉम्प्युटर जोडला, पण सुरू केला की प्रोसेसर शंभर डिग्रीला जायचा आणि सगळं बंद पडायचं. शाहूपुरीतला दुकानदार अभिराम बघायला आला, तर आत येताच गुरुप्रसादनं त्याची कॉलर धरली. "खराब माल गळ्यात मारतोस व्हय रं?" म्हणत असा ठोसा हाणला, की अभिरामचं नाक फुटलं आणि तो सोफ्यावर कोसळला.

एका हातानं नाक दाबत अभिराम उठला. त्यानं प्रोसेसरवरचा पंखा काढून गुरुप्रसादच्या तोंडासमोर धरला. बसवण्याआधी सोलून काढायचं प्लास्टिक पंख्याच्या बुडाला तसंच होतं.



नव्या सोफ्याच्या प्लास्टिकवरचं रक्त ओल्या फडक्यानं पुसत गुरुप्रसादचे वडील अप्पा म्हणाले, "म्हणून सांगत असतो, नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं न्हाय. ऱ्हायला का डाग?"