आधी लिफ्ट

“आधी लिफ्ट,” बायको म्हणाली. “रंगरंगोटी, दिवे, बाग, सगळं मागाहून.”

मालकांनी हातातला नकाशा गुंडाळला. शंभरी ओलांडलेलं हॉटेल, मधोमध लाकडी कठड्याचा गोल जिना. त्या जिन्याच्या पोटात लिफ्ट घालायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. पण बोलणार काय? जिने चढायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय, हे तिनं आल्या आल्या सांगितलं होतं.

“बसवू,” ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून येणं हेच नवल. माणूस मुलखाचा आळशी. वडिलांनी हॉटेल हाती दिलं तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, ‘बघू’. छत गळतंय? बघू. खारं वारं खिडक्यांचे गज खातंय? बघू. बघता बघता पाहुणे आटले आणि एक दिवस दाराला कुलूप लागलं. लग्नानंतरचा पहिला आठवडा दोघांनी इथल्याच वरच्या मजल्यावर, समुद्राकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत काढला होता. पुन्हा एकदा त्या खिडकीत बसून दोघांनी चहा प्यावा, एवढंच ती मागायची. तेही राहून गेलं.

गेल्या वर्षी तिनं ओढून नेलं म्हणून दोघांच्या तपासण्या झाल्या. दवाखान्याची पायरी चढायची म्हटली की मालकांचे हातपाय गळत, म्हणून पुढे डॉक्टरांकडे ती एकटीच गेली. परत आली, चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “तुम्ही ठणठणीत आहात. माझं मात्र काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकले.”

मालक लहान मुलासारखे रडले. मग नाक पुसून म्हणाले, “तुला काय हवंय ते सांग.”

“ती खोली,” ती म्हणाली. “चालत्या हॉटेलातली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कामावर हजर. मुकादम चाट पडला. मागे कुणीतरी भिंतींना सिमेंट फासून ओल आतच कोंडली होती. ते सगळं उकरून भिंती विटेपर्यंत उघड्या केल्या, गोड्या पाण्यानं धुतल्या, वाळवल्या आणि मग चुन्याचा गिलावा चढवला. कुजलेली लाकडं उतरवून जुन्या सागाला नवे तुकडे सांधले. नव्या वायरी आल्या, खोल्याखोल्यांत गरम पाणी आलं. मालक प्रत्येक गिलाव्यावर हात फिरवून बघत. घाई एकाच गोष्टीची होती. तिच्या आधी काम संपायला हवं.

लिफ्टचा खड्डा खणला तर तळाला समुद्राचं पाणी लागलं. उपसावं तितकं पुन्हा भरायचं. आठवडे चालले तसे मालक खड्ड्याच्या काठावर डोकं धरून बसले.

“मालक, निघेल मार्ग,” मुकादम म्हणाला. “तुम्ही जरा टेका.”

“टेकून कसं चालेल? तिच्याकडे वेळ आहे का?”

मुकादमानं मान दुसरीकडे वळवली. पण दुसऱ्या दिवशी त्यानं जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक खुर्ची टाकून ठेवली.

“म्हातारा करून ठेवलंस मला,” मालक हसत म्हणाले आणि खुर्चीत बसले. चार पायऱ्यांत धाप लागायची. विजार कमरेवर ठरत नव्हती. काळजी माणसाला वाळवीसारखी खाते, ते काही खोटं नाही. “माझं करायला तुमच्या अंगात जीव हवा,” असं म्हणून बायको रोज तिच्या गोळ्यांबरोबर त्यांच्याही हातावर ताकदीच्या गोळ्या ठेवायची. तेही निमूट गिळायचे.

ती मात्र हिमतीची. तोंडावर तुकतुकी तशीच. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, ते आठवून मालकांना गलबलून यायचं. अलीकडे ती नव्या मॅनेजरशेजारी बसून कॉम्प्युटरवरचं बुकिंग शिकत होती. कोणत्या खोलीचं भाडं किती, धोबी कोण, सगळं विचारून घेत होती. जाणाऱ्या माणसानं कशात मन रमवावं याला काही नेम नाही, असं म्हणत मालक बाहेर जाऊन डोळे पुसायचे.

“तू गेल्यावर मी हे चालवू कुणासाठी?” एकदा त्यांनी विचारलंच.

तिनं तोंड समुद्राकडे वळवलं. “आधी ते पाणी थांबवा,” म्हणाली.

थांबलं. लिफ्ट बसली. जिन्याचा एक कठडाही दुखावला नाही.

उद्घाटनाला मोजकीच माणसं होती. डॉक्टर आले तेव्हा मालकांनी त्यांचे हात घट्ट धरले. “तुम्ही म्हणाला होतात त्याहून जास्त दिवस काढले हो तिनं,” ते म्हणाले. डॉक्टरांनी चमकून बायकोकडे पाहिलं.

“तुम्ही व्हा पुढे,” बायको मालकांना म्हणाली. “खिडकी उघडून ठेवा. मी डॉक्टरांना घेऊन आलेच.”

लिफ्ट त्यांना अलगद वर घेऊन गेली. मालकांनी खिडकी उघडली, दोन कप चहा मागवला. एक खुर्ची तिच्यासाठी समुद्राकडे वळवली. आयुष्यात पहिल्यांदाच दिलेला शब्द त्यांनी वेळेत पाळला होता. तिला हात द्यायला ते लिफ्टच्या दारापाशी येऊन उभे राहिले. लिफ्ट काही हलली नव्हती.

पावलं जिन्यावरून येत होती. पुढची भराभर, मागची दमलेली.

“म्हणजे तुम्ही त्यांना अजून सांगितलंच नाही?” डॉक्टर धापा टाकत विचारत होते. “अहो, या अवस्थेत तो माणूस हिंडतो कसा, याचंच मला नवल वाटतं.”

“स्वतःचं दुखणं कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी अंथरूण धरलं असतं, डॉक्टर,” बायको म्हणाली. “माझं म्हणून सांगितलं, म्हणून वर्षभर उभे राहिले.”