आजीचं वाण

डब्यात भाताचे चाळीस दाणे होते. आजी गेल्यापासून तीन वर्षं ते वाण कोणीच पेरलं नव्हतं. संघप्रियाने वीस दाणे प्रयोगशाळेत कुटून त्यांचा डीएनए वाचून घेतला. सॉफ्टवेअरने तो नोंदीतल्या सगळ्या वाणांशी ताडून पाहिला आणि दुसऱ्या कशातच नसलेल्या सव्वीस खुणा शोधून दिल्या. वाशी मार्केटात गोणी वाहणारे बाबा हरखले. "आई म्हणायचीच, आपला भात दुकानात मिळायचा नाय! यंदा गावाला लावू." उरलेले वीस त्यांनीच ओल्या फडक्यात बांधले. "मीबी जपलंय हां, पोरी. किडा लागू नये म्हणून दर मे महिन्यात आठवडाभर तापल्या पत्र्यावर वाळवायचो." पत्र्याच्या चटक्याने बियाण्यातला जीव जातो, हे संघप्रियाला ठाऊक होतं. तिने फडक्यावर आणखी थोडं पाणी शिंपडलं. आठव्या दिवशी बाबांनी गाठ सोडली, चष्मा लावला आणि दाणे मोजले. वीस होते. मोड शून्य.